ओयांतायतांबोला दोन रात्री: थकलेल्या दगडांच्या गावाला कसं जायचं, काय पाहायचं

माचू पिच्चू या इंकांच्या प्राचीन नगरीकडे जाणारी रेल्वेगाडी बहुतेक प्रवासी पेरूतल्या ओयांतायतांबोहून पकडतात. त्यामुळे जगभरातले लोक या गावात येतात, स्टेशनाजवळ काहीतरी खातात आणि निघून जातात. कुस्कोहून निघणाऱ्या एकदिवसीय सहली डोंगरावरच्या अवशेषांपाशी तास-दीड तास थांबतात. तेवढ्या वेळात धापा टाकत चढून, फोटो काढून उतरणं एवढंच होतं. पेरूला जाणार असाल तर इथे दोन रात्री काढाच, असा माझा आग्रह आहे.

कारण सांगते. माचू पिच्चूला दिसतं ते बरंचसं पुरं झालेलं काम. ओयांतायतांबोच्या डोंगरावरचं काम मात्र चालू असतानाच थांबलं. दगडाची खाण, तिथून खाली येणारी वाट, वाटेत पडून राहिलेले चिरे, दगड वर चढवायचा उतार आणि अर्धवट राहिलेली भिंत, सगळं एकाच दरीत आहे आणि एका दिवसाच्या चालीत पाहता येतं. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांनी एवढे दगड कसे हलवले असतील, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर इथे पायी चालून मिळतं. शिवाय पायथ्याच्या गावात लोक आजही इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत, इंकांच्या भिंतींच्या आत संसार करतात.

निघण्याआधीची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पेरूसाठी व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. अशी सवलत नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. नियम बदलू शकतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्या. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो.

दुसरा कागद बरेच जण विसरतात: पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं पुस्तक. कुस्कोच्या डोंगराळ भागात हा आजार नाही. पण भारत सरकारच्या यादीत पेरू पीतज्वराचा देश आहे, त्यामुळे प्रश्न परतताना येतो. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून ती निघायच्या किमान तीन-चार आठवडे आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी. साठीच्या पुढच्यांनी, गर्भवतींनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

उंचीचं गणित

कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहर ३,४०० मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून जास्त उंचीवर विमान तुम्हाला सव्वा-दीड तासात नेऊन सोडतं, तेही समुद्रकाठच्या लिमाहून. सह्याद्रीत वर्षानुवर्षं चढलेल्यांचाही इथे अंदाज चुकतो. पायात ताकद असली म्हणून विरळ हवेची सवय लवकर होते असं नाही. पहिल्या खेपेला मी कुस्कोतच राहिले आणि रात्रभर डोकं ठणकत होतं, पोटात अन्न ठरेना. तिकडे याला ‘सोरोचे’ म्हणतात.

उपाय सोपा आहे. कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात न थांबता थेट ओयांतायतांबो गाठा. हे गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली. दोन रात्री इथे, मग माचू पिच्चू (२,४३० मीटर) आणि कुस्को सर्वात शेवटी, असा क्रम ठेवला तर शरीराला वेळ मिळतो. बहुतेक सहल कंपन्या नेमका उलटा क्रम लावतात. तो बदलून मागा.

पहिल्या दिवशी जड जेवू नका, दारू टाळा, पाणी थोडंथोडं पीत राहा. डोंगरी आजारावरची गोळी सोबत ठेवायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा; सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तपासणी करूनच निघावं. डोकेदुखी वाढत गेली, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर वाट न पाहता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा: दिवसा लख्ख ऊन, रात्री कडाक्याची थंडी. जून ते ऑगस्ट गर्दी फार. मला मेचा पूर्वार्ध सर्वात आवडतो, कारण पाऊस नुकताच संपलेला असतो आणि डोंगरउतार हिरवे असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जोरात असतो आणि दरडी कोसळून रस्ता किंवा रेल्वे बंद पडू शकते. ईस्टरनंतर सुमारे पन्नास दिवसांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला गावात चोकेकिल्काच्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचा उत्सव असतो. चौकात मुखवटे घातलेल्यांचे नाच चार-पाच दिवस चालतात. तो पाहायचा असेल तर खोली खूप आधी धरा. शांतता हवी असेल तर त्या तारखा टाळा.

गावात पोहोचणं आणि पहिली संध्याकाळ

कुस्कोहून अंतर साधारण ६० किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास. विमानतळावरून टॅक्सी ठरवली तर सामान ओढत फिरावं लागत नाही; भाडं बसण्याआधी ठरवा. स्वस्तात जायचं तर शहरातल्या पावितोस रस्त्यावरून ‘कोलेक्तिवो’ सुटतात. आपल्या वडापसारख्याच, भरल्या की निघाल्या. रस्ता चिंचेरोच्या पठारावरून जातो. तिथे थोडा वेळ उंची ३,७०० मीटरच्या वर जाते, मग गाडी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरते.

सामान खोलीवर टाका, तासभर पडा आणि उन्हं कलताना नुसते गल्ल्यांतून फिरा. मुख्य चौकाच्या वरच्या अंगाला जो भाग आहे तो कोस्को आय्यू. ‘आय्यू’ म्हणजे नात्यागोत्याने बांधलेली वस्ती. सरळ, अरुंद, फरसबंद गल्ल्या काटकोनात एकमेकींना छेदतात आणि कडेच्या दगडी पाटातून डोंगराचं पाणी सतत खळखळत असतं. त्या आवाजातच या गावात झोप लागते.

गल्लीकडेच्या भिंती नीट पाहा. खालचे थर इंकांचे, वरचे मातीच्या विटांचे आणि नंतरचे. प्रत्येक मोठ्या आवाराला गल्लीकडून एकच दार. त्याला ‘कांचा’ म्हणतात: मध्ये चौक आणि चौकाभोवती घरं. दार वर निमुळतं, खाली रुंद. कोनाड्यांचाही तोच आकार. भिंतीही आतल्या बाजूला किंचित कललेल्या असतात. भूकंपाच्या प्रदेशात या ठेवणीमुळे भिंत तग धरते. काही घरांच्या दारावर पाहुण्यांचं स्वागत केलेलं असतं, तिथे आत जाऊन चूल, पळणारे गिनीपिग आणि कोनाड्यात ठेवलेले पूर्वजांचे देव पाहता येतात. निघताना थोडे पैसे ठेवायची पद्धत आहे. बाकीची दारं खासगी आहेत. उघडी दिसली तरी आत डोकावू नका. केचुआ या इथल्या भाषेत ‘आयियांचू’ म्हणजे ‘बरं आहे ना?’ आणि ‘सुल्पायकी’ म्हणजे ‘आभार’. एवढे दोन शब्द आले तरी समोरचा चेहरा खुलतो.

तिकीट

अवशेषांसाठी सुटं तिकीट मिळत नाही, ‘बोलेतो तुरीस्तिको’ नावाचं एकत्रित तिकीट घ्यावं लागतं. परदेशी प्रवाशांसाठी गेली काही वर्षं पूर्ण तिकीट १३० सोल (सोल हे पेरूचं चलन) आहे, त्यात सोळा ठिकाणं आणि दहा दिवसांची मुदत. फक्त पवित्र खोऱ्याचं, म्हणजे उरुबांबाच्या या खोऱ्याचं, तिकीट ७० सोल, मुदत दोन दिवस. त्यात पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो आणि मोराय येतात. कुस्कोतही चार दिवस असाल तर पूर्ण तिकीटच घ्या, कुस्कोच्या डोंगरावरचे साक्सायवामानचे अवशेष त्यातच येतात. माचू पिच्चू आणि मारासची मिठागरं यांत कोठेच नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी. रोख सोल जवळ ठेवा आणि पासपोर्टही. प्रत्येक दारावर तिकिटाला भोक पाडतात, म्हणून ते घडी घालून चुरगाळू नका.

दुसरी सकाळ: डोंगरावर

सकाळी सातला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा. कुस्कोच्या बसगाड्या उशिरा सकाळपासून येऊ लागतात आणि दुपारी पायऱ्यांवर अक्षरशः रांग लागते. दारापाशी परवानाधारक वाटाडे उभे असतात. त्यांचं ओळखपत्र पाहा, भाषा आणि पैसे आधी ठरवा. चांगला वाटाडा मिळाला तर घ्याच, पण त्याला सांगा की आपल्याला तीन तास हवेत, एक नाही.

समोर उतारावर एकावर एक सतरा ताली, म्हणजे दगडी बांध घातलेले टप्पे, उभ्या आहेत. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पायरी आपल्या अंदाजापेक्षा उंच आहे. प्रत्येक तालीला थांबा. थांबण्याचा फायदाही आहे: पायथ्याच्या भिंतींचे दगड ओबडधोबड, आणि वर जाल तसतसं काम रेखीव होत जातं. वरच्या तालींच्या टोकाला दहा कोनाड्यांची भिंत लागते. तिचे चिरे चौकोनी नाहीत. प्रत्येकाचा आकार वेगळा आणि शेजाऱ्याच्या अंगाला घट्ट बसवलेला, चुन्याचा थेंब नाही.

त्याच्या वर सहा शिळांची भिंत. हीच पाहायला एवढं यायचं. गुलाबी छटेच्या ऱ्हायोलाइट दगडाच्या सहा उभ्या शिळा, उंची चार मीटरच्या आसपास, मोठ्या शिळांचं वजन पन्नास टनांच्या घरात. लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि वळतात. तुम्ही इथे अर्धा तास द्या आणि चार गोष्टी शोधा. एक, शिळांच्या मधल्या फटींत बसवलेल्या पातळ दगडी पट्ट्या. दोन, शिळांच्या अंगावरची बोंडं, बहुधा दगड हलवताना पकड मिळावी म्हणून ठेवलेली. काही तासून टाकली आहेत, काही तशीच राहिली. तीन, एका शिळेवर झिजत चाललेली पायऱ्यांची नक्षी. चार, आसपास विखुरलेल्या चिऱ्यांत कोरलेले इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे खाचे. दोन दगड धातूच्या पकडीने जोडण्यासाठी ते असत. असेच खाचे बोलिव्हियात तितिकाका सरोवराजवळच्या तिवानाकूला आहेत. त्या बाजूच्या कोया लोकांना इथे कामाला जुंपलं होतं असं जुन्या स्पॅनिश बखरींत येतं.

दगडाचा पृष्ठभाग तिरप्या उन्हात बघा. बारीक टोल्यांचे खड्डे दिसतील, आणि चिऱ्याच्या कडेला ते जास्त बारीक झालेले. वास्तुरचनेचे अभ्यासक ज्याँ-पिएर प्रोत्झेन यांनी या जागेचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि नदीतल्या गोट्यांचे हातोडे करून स्वतः दगड घडवून पाहिला. मधल्या अंगाला मोठा गोटा, कडेला लहान, म्हणून टोल्यांच्या खुणा अशा. लोखंड नव्हतं. हात होते, गोटे होते आणि घाई नव्हती. परग्रहवासीयांनी हे बांधलं अशा गप्पा इथे कानावर येतील. त्या ऐकताना मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या पाथरवटांच्या खुणा अजून बोटाला लागतात त्यांचंच श्रेय त्यात काढून घेतलं जातं.

आता शिळांकडे पाठ करून नदीपलीकडे पाहा. समोरच्या डोंगरावर उंच दगडांचा लोट आलेला दिसतो. ती काचिकाता खाण, इथून पाचेक किलोमीटरवर. दगड तिथून खाली घसरवले, नदी पार केली आणि या बाजूला उतार बांधून दोरांनी वर ओढले. तो उतार इथून स्पष्ट दिसतो. उद्या आपल्याला त्या खाणीत जायचं आहे.

थोडा इतिहास इथेच बसून आठवावा. पंधराव्या शतकाच्या मध्यावर पाचाकूती या इंका राजाने हे खोरं जिंकलं आणि इथे स्वतःची जहागीर वसवली. स्पॅनिश लोकांनी याला किल्ला म्हटलं आणि तेच नाव चिकटलं, पण डोंगरमाथ्यावरचं मुख्य काम देवळाचं आहे. लढाई मात्र इथे खरोखर झाली. १५३६ मध्ये मांको इंका या राजाने स्पॅनिशांविरुद्ध उठाव करून कुस्कोला वेढा घातला. त्या काळात त्याने आपला तळ इथे हलवला. १५३७ च्या जानेवारीत स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारो घोडदळ घेऊन चालून आला, तेव्हा तालींवरून बाण आणि दगडांचा वर्षाव झाला आणि मांकोने पाटांचं पाणी खालच्या सपाटीवर सोडून दिलं. चिखलात घोडे अडकले, स्पॅनिशांना माघार घ्यावी लागली. पुढे मांको विल्काबांबाच्या जंगलात गेला आणि तिथून इंकांनी आणखी पस्तीस वर्षं झुंज दिली. खाली दिसणारी मक्याची शेतं तीच सपाटी.

उतरताना तळाच्या कारंज्यांकडे वळा. ‘राजकन्येचं स्नानगृह’ म्हणतात त्या एकसंध दगडाच्या पन्हळीतून पाणी आजही पडतं.

दुपारनंतर: पिंकुयूना

गावाच्या दुसऱ्या बाजूचा उभा डोंगर म्हणजे पिंकुयूना. तिकीट नाही. वाट एका गल्लीतून सुटते, पायऱ्या अरुंद, कठडा नाही. पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. वर इंकांची धान्यकोठारं आहेत. एवढ्या आडनिड्या जागी कोठारं का, याचं उत्तर वर पोहोचल्यावर अंगाला लागतं: वारा. धान्य वरच्या बाजूच्या खिडकीतून ओतायचं, खालच्या खिडकीतून काढायचं, आणि थंड वाऱ्याने ते टिकायचं. समोर सकाळी चढलेला डोंगर पूर्ण दिसतो. जाऊन-येऊन दीड-दोन तास. उजेड असतानाच खाली या.

तिसरा दिवस: काचिकाताची खाण

हा दिवस चुकवू नका. सकाळी लवकर निघा. दोन लिटर पाणी, खाणं, टोपी, भरपूर सनस्क्रीन आणि वाऱ्याचं जाकीट घ्या. वाटेत दुकान नाही. गावाबाहेर उरुबांबावर पूल आहे, तो ओलांडताना मधल्या खांबाचा दगडी पाया पाहा. तो इंकांचा, आणि प्रवाहाचा मार चुकवायला वरच्या अंगाला प्रचंड धोंडे टाकलेले.

पलीकडून वाट हळूहळू चढते. वाटेत ते भेटू लागतात: घडवायला घेतलेले, काही जवळजवळ तयार, आडवे पडलेले अजस्र चिरे. गावकरी त्यांना ‘पिएद्रास कान्सादास’ म्हणतात, थकलेले दगड. खाण जवळ येते तशी त्यांची संख्या वाढते. वर दगडांच्या राशीत जुन्या उतारांच्या बांधीव कडा आणि लहान दगडी समाध्या आहेत. त्यांत हाडं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोही नको. समोर बेरोनिका शिखराचा बर्फ असतो. जाऊन-येऊन पाच-सहा तास मोजा. दम पुरत नसेल तर पहिल्या दोन-तीन थकलेल्या दगडांपाशी डबा खाऊन परत फिरलात तरी चालेल. ढग दाटले तर वरच्या घसाऱ्यावर जाऊ नका.

खाणं

शाकाहारी लोकांचं निभतं. ‘सोय वेखेतारियानो’ (बाईने ‘वेखेतारियाना’) एवढ्यावर थांबू नका. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असंही सांगा, आणि सूप कोंबडीच्या पाण्यात केलं आहे का ते विचारा. किनवाचं सूप, टपोऱ्या दाण्यांच्या पांढऱ्या मक्याचं उकडलेलं कणीस आणि चीज, तऱ्हेतऱ्हेचे बटाटे. बटाटा मुळात याच डोंगरांतला. बाजारात ‘किविचा’ विचारा, आपला राजगिराच निघेल; त्याच्या गुळात बांधलेल्या वड्या अगदी चिक्कीसारख्या लागतात. घराबाहेर काठीला लाल कापड किंवा पिशवी बांधलेली दिसली तर तिथे ‘चिचा’ ही मक्याची आंबवलेली पेज मिळते. पोट नाजूक असेल तर फक्त चाखा. नळाचं पाणी पिऊ नका.

पुढे निघताना

स्टेशन चौकापासून चालत पंधरा मिनिटांवर. माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावापर्यंत गाडीला दीड ते दोन तास लागतात. आधी माचू पिच्चूचं प्रवेशाचं तिकीट, मग त्या वेळेला जुळणारी गाडी, असा क्रम ठेवा. उलट केलं तर गाडी मिळते आणि प्रवेश मिळत नाही. गाडीत मोठं सामान चालत नाही, ते मुक्कामाच्या जागी ठेवून एका रात्रीची पिशवी न्या.

आणि एक शेवटचं. खोलीवर, उपाहारगृहात सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा मिळेल. तिथे तो कायदेशीर आहे, आणि उंचीवर बरा वाटतो. पण त्याची पाकिटं आठवण म्हणून बॅगेत भरू नका. भारतात कोकाचं पान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, आणि वाटेतल्या अनेक देशांतही ते चालत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या कप्प्यांतून हात फिरवून बघा, आणि पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा.